हॉस्टेलची खिडकी आणि लेकीचे इअरफोन

आधी आलेलं पत्र देते, थोडं कापून.

"नमस्कार ताई, पत्र जरा लांबलंय, त्याबद्दल आधीच सॉरी. मी ४७ वर्षांची. चोवीस वर्षांपूर्वी एमएस्सीसाठी दोन वर्षं घरापासून लांब एका विद्यापीठाच्या गावात राहिले होते. ती दोन वर्षं म्हणजे काय सांगू, अजून स्वप्नात तिथलाच जिना येतो. लग्नानंतर कधी जाणं झालं नाही. मागच्या महिन्यात शनिवार-रविवार सगळ्यांना घेऊन गेले, मिस्टर, मुलगी (१७) आणि मुलगा (११). गाडीने पाच तास. काय काय दाखवायचं याची लिस्ट केली होती, एकोणीस ठिकाणं.

झालं असं की गेटवरच वॉचमनने आयकार्ड मागितलं, मी म्हटलं मी इथली जुनी विद्यार्थिनी, तो म्हणाला सगळे तेच म्हणतात. कसंबसं आत सोडलं तर डिपार्टमेंटला कुलूप, शनिवार ना. हॉस्टेलमध्ये सोडत नाहीत, मग बाहेरूनच दाखवलं, ती बघा तिसऱ्या मजल्यावरची डावीकडून दुसरी खिडकी, तिथे मी राहायचे. मुलीने एका कानातला इअरफोन काढला, 'हं, छान' म्हणाली आणि परत घातला. मिस्टरांनी विचारलं, गाडी इथे लावली तर चालेल ना. जिथे आम्ही नोट्सच्या झेरॉक्स काढायला रांगा लावायचो ते दुकानच नाही आता, मोबाईलचं शोरूम झालंय. मुलगा लायब्ररीच्या मागच्या उतारावरून सात-आठ वेळा पळत खाली आला, तेवढं सोडलं तर त्याचंही 'अजून किती' चालूच. रविवारी सकाळी अकराव्या ठिकाणी मुलगी म्हणाली 'मी गाडीतच बसते' आणि माझा बांध फुटला. तुम्हाला कुणालाच माझ्यात काही इंटरेस्ट नाही, असं काय काय बोलले, भर रस्त्यात. उरलेली ठिकाणं सोडून परत आलो, पाच तास गाडीत कुणी बोललं नाही.

आता मिस्टर म्हणतात सुट्टीत परत जाऊ, नीट जाऊ. ते स्वतः घरी राहूनच शिकले, त्यांना हे हॉस्टेल वगैरे काय कळणार असं मला वाटायचं. जाऊ का परत? की काही गोष्टी आपल्यापुरत्याच ठेवाव्यात?

ता. क. मुलगी पुढच्या वर्षी कॉलेज निवडणार. तिने तिथेच जावं असं मनातून वाटतं, पण मी एका शब्दाने बोलले नाहीये. आणि गंमत म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत मीच ते सोडून निघाले होते, रात्री बॅग भरून स्टँडवर जाऊन बसले होते. पण ते आता मुलांना कशाला सांगायचं.

– एकोणीस ठिकाणंवाली"

अहो एकोणीस ठिकाणंवाली,

हसू नका म्हणाल तरी मी हसले, कारण हे सगळं मी करून बसलेय. माझी लिस्ट छोटी होती एवढंच. माझी दोन्ही मुलं लहान असताना मी त्यांना माझ्या कॉलेजच्या गावी नेलं आणि एका पाण्याच्या टाकीसमोर उभं केलं. सिमेंटची टाकी, तिच्या कठड्यावर आम्ही मैत्रिणी रोज संध्याकाळी बसायचो. माझे डोळे भरून आलेले आणि धाकटा म्हणाला, आई, यात मासे होते? म्हटलं नाही. तो म्हणाला, मग? त्या 'मग?'चं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, तुमचं पत्र वाचताना वाटलं की आत्ता थोडं थोडं आहे.

खिडकीचंच घ्या. तुम्ही खाली उभ्या राहून वर बघितलं तेव्हा तुम्हाला काय दिसलं असेल ते मला इथे बसून दिसतंय, पंख्याचा आवाज, रूममेटची वाळत घातलेली ओढणी, परीक्षेच्या आदल्या रात्रीचं पोटात गोळा येणं, सगळं एका सेकंदात. आणि तुमच्या लेकीला काय दिसलं? खिडकी. एका जुन्या बिल्डिंगची एक खिडकी, तिच्यासारख्याच अजून पन्नास खिडक्यांमधली. यात तिचा काय दोष हो. जागा आपल्यावर काम करते कारण आपण तिथे काहीतरी ठेवून आलेलो असतो. १९७५ साली डंकन गॉडन आणि अ‍ॅलन बॅडली या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या, काही पाण्याखाली, काही किनाऱ्यावर, आणि जिथे पाठ केलं तिथेच ते जास्त आठवतं असं त्यांना दिसलं. पुढे तोच प्रयोग दुसऱ्यांनी केला तेव्हा निकाल तेवढा स्पष्ट आला नाही, त्यामुळे मी त्यावर पैज लावणार नाही, पण जुन्या जिन्यावर पाय ठेवल्यावर आपलं काय होतं हे तुम्हाला मला कोणी प्रयोग करून सांगायची गरज नाही. मुद्दा एवढाच की तुम्ही पाण्याखाली होतात आणि बाकीचे तिघं किनाऱ्यावर उभे राहून बघत होते की ही एवढी भिजली कशी.

म्हणून ते वाक्य, तुम्हाला कुणालाच माझ्यात इंटरेस्ट नाही, ते मला पटलं नाही. तुम्ही त्यांना स्वतःला दाखवलंच कुठे. डिपार्टमेंटचं कुलूप दाखवलंत, लायब्ररीची मागची बाजू दाखवलीत, एक गायब झालेलं दुकान दाखवलंत. तुमच्या अख्ख्या पत्रात मला फक्त एका जागी तुम्ही दिसलात, आणि ते वाक्य तुम्ही ता. क. म्हणून खाली टाकलंत आणि वर 'कशाला सांगायचं' म्हणून झाकूनही ठेवलंत.

रात्री बॅग भरून स्टँडवर जाऊन बसले होते.

खरं सांगू, हे वाचल्यावर मी हातातलं काम बाजूला ठेवलं. बॅगेत काय होतं? हॉस्टेलचं गेट रात्री बंद होत असेल ना, मग बाहेर कशा पडलात? शेवटची बस निघून गेली की तुम्हीच चढला नाहीत? कोणी आलं का मागून? घरी कळलं का कधी? एवढे प्रश्न मला, तुम्हाला कधी न भेटलेल्या बाईला पडले, आणि तुमच्या सतरा वर्षांच्या मुलीला पडणार नाहीत असं वाटतं तुम्हाला? तिला खिडकी दाखवून उपयोग नाही, तिला तो स्टँडवरचा बाक दाखवायला पाहिजे होता. माझ्या टाकीचंही तेच झालं बघा, तिथे बसून मी एका संध्याकाळी मैत्रिणींना सांगितलं होतं की मी नापास झालेय आणि घरी सांगायची हिंमत नाहीये, हे मी मुलांना सांगितलं असतं तर धाकट्याने माशांचं विचारलंच नसतं. नाही सांगितलं. आईने नापास झालेलं मुलांना कळू नये असं तेव्हा वाटायचं, आता वाटतं काय मूर्खपणा होता.

मधेच एक गंमत सांगते, या विषयावर वाचताना सापडलेली. नॉस्टॅल्जिया हा शब्द आपण जुन्या दिवसांसाठी वापरतो ना, तो मुळात एका विद्यार्थ्याने बनवलेला शब्द आहे, १६८८ साली, स्वित्झर्लंडमधल्या बासेलला. योहानेस होफर नाव त्याचं, वैद्यकी शिकत होता, आणि ग्रीकमधले दोन शब्द जोडून, घरी परतणं आणि वेदना, त्याने हा शब्द आपल्या प्रबंधासाठी तयार केला, चक्क रोगाचं नाव म्हणून. त्याने लिहिलेल्या पेशंटमध्ये एक बर्नहून बासेलला शिकायला आलेला मुलगा आहे, घराच्या आठवणीने खंगून खंगून पार मरायला टेकलेला, आणि त्याला घरी न्यायचं ठरलं तसा तो सुधारायला लागला. म्हणजे हा आजार आधी घरापासून लांब अडकलेल्या आणि घरी जायला आसुसलेल्या माणसांचा होता, विद्यापीठाच्या गावातल्या पोरांचाही. तुम्ही त्या रात्री बॅग घेऊन बसला होतात ते हेच. आणि चोवीस वर्षांनी तुम्हाला त्याच गावाची ओढ लागलीये, उलट दिशेने. हे एवढं मोठं वळण तुमच्याकडे आहे आणि तुम्ही मुलांना फक्त शेवटचा स्टॉप दाखवताय.

आणि मुलांना अशा गोष्टी सांगण्याबद्दल थोडं संशोधनही आहे. अमेरिकेत एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांसाठी वीस प्रश्नांची एक यादी केली होती, आईबाबा कसे भेटले माहितीये का, शाळेत असताना त्यांच्या बाबतीत काय काय घडलं माहितीये का, चांगल्यावाईट अनुभवांतून ते काय शिकले माहितीये का, असे. ज्या मुलांना जास्त उत्तरं माहीत होती त्यांचा स्वतःवरचा भरवसा जास्त दिसला. पण लगेच उत्तरं पाठ करून घ्यायला बसू नका हां, ड्यूक यांनीच बजावून ठेवलंय की नुसती उत्तरं माहीत असून काही होत नाही, ज्या घरात बसून अशा गप्पा होतात त्या गप्पांचं ते आहे. आणि गप्पा एकोणीस ठिकाणांच्या मधल्या चार-चार मिनिटांत होत नाहीत.

आता मुलीचं. इथे मी थोडी स्पष्ट बोलणार आहे, राग आला तर येऊ दे.

तुम्ही म्हणता एका शब्दाने बोलले नाही. अहो, तिला गेटवरच कळलं असणार. सतरा वर्षांच्या मुलीला, जिचं पुढच्या वर्षी कॉलेज ठरणार आहे तिला, तिची आई पाच तास गाडी हाकत आपल्या युनिव्हर्सिटीत नेते, आणि प्रत्येक बिल्डिंगसमोर 'किती भारी आहे ना' म्हणून तिच्याच तोंडाकडे बघते, मिस्टरांच्या नाही, मुलाच्या नाही, तिच्या. तिने 'हं, छान' याच्यापुढे एक शब्द जास्त बोलला असता तर तो होकार धरला गेला असता हे तिला बरोबर कळत होतं. तो इअरफोन नव्हता, कुंपण होतं ते. मी तिच्या जागी असते तर मी पण घातला असता.

तर एकतर हे उघड बोला, घरी, ट्रिपच्या खूप आधी, की मला वाटतं तू तिथे जावंस, का वाटतं तेही सांगा, आणि नाही म्हणालीस तरी चालेल हेही सांगा, आणि चालेल म्हणालात तर मग खरंच चालू द्या. किंवा विषय मनातून काढा. आणि तिला खरंच ते कॉलेज बघायचं असेल तर ती ट्रिप वेगळी, तिची वेगळी. ती सुट्टीच्या दिवशी करायची नसते, चालू दिवशी करायची, वर्ग भरलेले असताना, आणि तिने आत्ता तिथे शिकणाऱ्या दोन-तीन मुलींशी तुमच्याशिवाय बोलायचं, की रात्री लायब्ररीतून परत येताना कसं वाटतं, शिकवणारे येतात का वेळेवर, पाणी असतं का. चोवीस वर्षांत तिथले शिकवणारे बहुतेक रिटायर झाले असतील, अभ्यासक्रम किती वेळा बदलला असेल, तुमचा तिथला अनुभव तिच्या निवडीला साक्षीदार म्हणून चालत नाही. तुम्हाला जे आवडतं ते विद्यापीठ आहे की तेविसाव्या वर्षाच्या तुम्ही आहात, हे जरा एकट्या बसून बघा.

मिस्टरांबद्दल तुम्ही दोनच वाक्यं लिहिलीत, एकात ते पार्किंग विचारतात आणि दुसऱ्यात त्यांना काही कळत नाही. पण एवढं रामायण होऊन परत जाऊ, नीट जाऊ असं म्हणणारा माणूस घरात तोच एक आहे हे तुमच्या लक्षात आलंय का? ते घरी राहून शिकले म्हणता. माणसाला चाळिशी-पन्नाशीत मागे वळून आठवायला सांगितलं की साधारण दहा ते तीस या वयातलंच जास्त आठवतं, मानसशास्त्रात हे पुन्हा पुन्हा दिसलंय, पहिल्यांदा घडणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्याच काळात घडतात हे त्याचं एक कारण मानतात. आता तुमची ती वर्षं एका वेगळ्या गावात गेली त्यामुळे तुम्हाला गाडी काढून तिथे जाता येतं, त्यांची ती वर्षं रोजच्याच घरात, रोजच्याच रस्त्यावर गेली, त्यांनी कुठे जायचं? त्यांना विचारलंत कधी? एखाद्या रात्री विचारा की तेवीस वर्षांचे असताना संध्याकाळी काय करायचात. कदाचित सायकलचं दुकान निघेल, कदाचित एखादा मित्र निघेल जो आता नाहीये. आणि स्टँडवरची गोष्ट आधी त्यांना सांगा, मुलांच्या आधी. ती त्यांना माहीत नसेल असा माझा अंदाज आहे.

ट्रिप फुकट गेली असं जे वाटतंय त्यात शेवटाचा हात जास्त आहे. १९९३ साली डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना थंडगार पाण्यात हात घालायला लावलं, एकदा ६० सेकंद, आणि एकदा तेच ६० सेकंद आणि वर अजून ३० सेकंद, फक्त त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात पाणी किंचित कमी गार. परत कुठलं करायला आवडेल विचारलं तर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं, म्हणजे त्रास जास्त वेळ होऊनही, कारण शेवट जरा बरा होता. तुमचं पाणी शेवटी अजूनच गार झालं, पाच तास अबोल्यात, त्यामुळे आधीचं सगळं त्याच रंगाचं दिसतंय. पण उतारावरून सात-आठ वेळा पळत खाली आलेला मुलगा? ते तुम्ही 'तेवढं सोडलं तर' म्हणून लिहिलंत. लिस्टमध्ये नव्हतं म्हणून? त्याला विचारा त्या गावाबद्दल, तो उतारच सांगेल, आणि त्याच्या दृष्टीने ते आता त्याचंही गाव आहे. पुढच्या वेळी तुम्ही पण पळा त्याच्याबरोबर, गुडघे ठीक असतील तर.

तर जायचं का, जा. पण पुढचं जरा ऐका.

लिस्ट तीनवर आणा. तीनच. आणि प्रत्येक जागेला एक गोष्ट असली पाहिजे जिच्यात काहीतरी होतं, कोणी भांडतं, हरवतं, पडतं, पकडलं जातं. 'इथे आम्ही बसायचो' ही गोष्ट नाही. बाकीची सोळा ठिकाणं तुमची एकटीची, ती तुम्ही पहाटे बघायची, सगळे झोपलेले असताना उठायचं आणि दीड-दोन तास एकटीने पायी भटकून यायचं, हवं तिथे थांबायचं, हवं तर रडायचं, कुणी घड्याळ बघत नाही आणि कुणाच्या चेहऱ्याकडे तुम्हाला बघावं लागत नाही. माझ्या मते हे एवढं केलं असतंत तरी मागच्या वेळचं अर्धं भांडण झालं नसतं. बरीच भूक आपली एकटीची असते आणि आपण ती चौघांच्या ताटात वाढायला जातो.

कुलपांचं म्हणाल तर त्याला आधी पत्र लागतं. डिपार्टमेंटला दोन-तीन आठवडे आधी ईमेल करा, कोणत्या वर्षी पास झालात ते लिहा, शुक्रवारी दुपारपर्यंत पोचता आलं तर शिपाईकाका तरी असतात आणि एखादी लॅब उघडून दाखवतात. बऱ्याच विद्यापीठांत माजी विद्यार्थ्यांसाठी वेगळं ऑफिस असतं, काही ठिकाणी कार्डही मिळतं, ते असलं की वॉचमनशी वाद घालावा लागत नाही (आणि त्याच्यावर रागावू नका, रोज दहा जण येऊन हेच म्हणत असतील, मुलींच्या हॉस्टेलच्या गेटवर तर त्याने कडकच असलं पाहिजे, तुमची मुलगी आत राहात असती तर तुम्हीच म्हटलं असतंत). हॉस्टेल बघायचंच असेल तर रेक्टरना आधी विचारा, फार तर तुम्हाला आणि मुलीला भेटीच्या खोलीपर्यंत किंवा जिन्यापर्यंत सोडतील, मिस्टर आणि मुलगा तेवढा वेळ उतारावर. तुमचा मार्कशीट नाहीतर जुनं आयकार्ड असलं तर बरोबर घ्या. आणि पदवीदान, प्रवेश, परीक्षा हे आठवडे टाळा, अशा गावात तेव्हा राहायला खोली मिळत नाही आणि जो तो घाईत असतो.

आता मुलाला एक काम द्या. निघायच्या आधी घरी बसून तुम्ही आठवणीतून गावाचा नकाशा काढा, फोन न बघता, गेट कुठे, मेस कुठे, स्टँड कुठे, हॉस्टेलपासून डिपार्टमेंट चालत किती मिनिटं. तो नकाशा त्याच्या हातात द्या आणि सांगा की आईच्या चुका शोधायच्या. खूप निघतील. आठवण म्हणजे कपाटात घडी घालून ठेवलेली गोष्ट नसते, आपण ती दर वेळी नव्याने जुळवतो, फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच हे मांडलं होतं, आणि जुळवताना आपल्याला सोयीचं ते मोठं होतं. मेस तुम्ही म्हणता तिथे नसेलच, दहा मिनिटांचा रस्ता चार मिनिटांचा निघेल. अकरा वर्षांच्या मुलाला आई चुकली यापेक्षा मोठा आनंद जगात नाही, आणि खरं सांगते, आई चुकली हे कळलं की सतरा वर्षांची पण इअरफोन काढते. जुने फोटो असतील तर ते घ्या, त्याच जागी त्याच पोझमध्ये परत काढा, कॅमेरा मुलीच्या हातात द्या, तुम्ही चौकटीत आणि ती बाहेर, मागच्या वेळी बरोबर उलटं होतं.

गाडी लॉजवर ठेवा आणि चाला. तुम्ही विद्यार्थिनी असताना ते गाव पायानेच बघितलंय, गाडीच्या काचेतून ते दुसरंच गाव दिसतं, तुम्हालाही.

झेरॉक्सच्या दुकानाचं वाईट वाटलं मला पण. त्यावर मुलांसमोर दोन वाक्यांच्या वर बोलू नका एवढंच.

पण या सगळ्याच्या आधी, सुट्टी लागायच्याही आधी, एखाद्या रात्री दिवे गेलेले असताना किंवा नुसतेच सगळे लोळत पडलेले असताना, तुम्ही स्टँडवरची गोष्ट सांगा. प्रस्तावना नको, 'मला तुम्हाला एक महत्त्वाचं सांगायचंय' तर अजिबात नको, मुली त्या वाक्याला पळून जातात. सरळ बॅगेपासून सुरू करा. आणि शेवटी 'म्हणून मी सांगते की' हे जोडू नका, गोष्ट जिथे संपते तिथे गप्प बसा. मुलगी काही बोलली नाही तरी हरकत नाही, तिला कदाचित चार दिवस लागतील. तिने जर कधीतरी, भांडी आवरताना किंवा गाडीत, मधेच विचारलं की आई तू मग परत का गेलीस हॉस्टेलला, तर तुमच्या तीन ठिकाणांमधलं पहिलं ठिकाण ठरलं, स्टँड, आणि तिथे तिला घेऊन जा, बाक अजून असला तर बसा दोघी.

माझ्या टाकीचं सांगायचं राहिलंच. धाकटा आता तीस वर्षांचा आहे. तुमचं पत्र आलं त्या रात्री मी त्याला फोन केला आणि नापास झाल्याचं सांगितलं, इतक्या वर्षांनी. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, कुठल्या विषयात?

तुम्ही स्टँडवरून परत का फिरलात ते मला पण कळवा. आणि बॅगेत काय होतं तेही.